रात्रपाळीची वही

आई, तुमच्या मृत्यूचा दाखला मी मागच्या महिन्यात अपलोड केला. 'परिस्थितीतील बदलाचा पुरावा इथे जोडा' असं अर्जाच्या पानावर होतं, आणि खाली एक राखाडी बटण. फाइल मोठी आहे म्हणून दोनदा परत आली. मग ती छोटी करून पाठवली, हिरवी खूण आली, आणि मी लॅपटॉप मिटून गराजमध्ये जाऊन गाडीत बसलो. कुठे जायचं नव्हतं. नुसता बसलो.

जावयानं सासूवर लिहावं अशी काही आपल्याकडे पद्धत नाही. तुमच्या पुण्यानुमोदनाला शिकागोच्या आसपासची सगळी मंडळी पांढऱ्या कपड्यांत आली, वंदना झाली, आणि चार जण तुमच्याबद्दल चांगलं बोलले. नागपूरच्या सरकारी हॉस्पिटलात सिस्टर होत्या, आयुष्यभर सेवा केली, नातीसाठी इतक्या लांब आल्या, स्वभाव अगदी शांत. शेवटचं ऐकून स्नेहलनं आणि मी एकमेकांकडे पाहिलं. मी तिला हळूच म्हणालो, आता तू बोल. तुमची एकुलती एक मुलगी ती, तिनंच बोलायला हवं. पण ती म्हणाली, "मला नाही जमणार. तू लिही कधीतरी. रात्री तू असायचास तिच्याबरोबर."

म्हणून लिहितोय. सगळं चांगलंच लिहीन असा शब्द मात्र देत नाही, कारण आपलं भांडण अजून मिटलेलं नाही.

जुईबद्दल तुम्हाला मी काय सांगणार. पण हे दुसरंही कुणी वाचेल, म्हणून सांगतो. जुई आठ वर्षांची आहे. गळ्याला भोक पाडून बसवलेल्या नळीतून ती श्वास घेते. त्या नळीत कफ साचतो, तो मशीनच्या बारीक पाइपनं ओढून काढावा लागतो, त्याला सक्शन म्हणतात. नाही काढला तर श्वास अडतो. आणि त्या नळीमुळे तिच्या गळ्यातून आवाज निघत नाही. श्वास अडलेलं आमचं मूल रडून सांगू शकत नाही, एवढं एक लोकांना कळलं की पुढचं फार समजावावं लागत नाही. दिवसा कुणाचं ना कुणाचं लक्ष असतं. रात्री कुणीतरी जागं लागतं. मधून मधून उठून बघणारं नाही, जागं.

अशा मुलांसाठी आमच्या स्टेटचा एक कार्यक्रम आहे. अपंग मुलाजवळ रात्रभर बसायला नर्स, आठवड्याला ठरलेले तास. जुई हॉस्पिटलमधून घरी आली तेव्हा पाच रात्री मंजूर झाल्या होत्या. टेरेसा नावाची नर्स यायची, चांगली होती बिचारी. उरलेल्या दोन रात्री मी आणि स्नेहल वाटून घ्यायचो. मग टेरेसाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिनं काम सोडलं. एजन्सीवाले म्हणाले, दुसरी नर्स लवकरच पाठवतो. ते 'लवकरच' तिसऱ्या महिन्यात गेलं तेव्हा तुम्ही नागपूरहून दोन बॅगा घेऊन उतरलात. ग्रीन कार्ड कधीचं झालं होतं तुमचं, पण तुम्ही आजवर इथे सहा आठवड्यांच्या वर टिकला नव्हता. तुमचं एकच पालुपद, "काय करू जी तुमच्या गावात, रस्त्यावर माणूस दिसत नाही." या वेळी एका बॅगेत तिखट आणि सांडगे होते आणि दुसरीत कपड्यांवर ठेवलेले पांढरे कॅनव्हासचे बूट. मी विचारलं, बूट कशाला आणले, इथे मिळतात की. तुम्ही म्हणालात, "ड्यूटीवर चपला घालत नसतात."

पहिला महिना तुम्ही माझ्यासमोर जेवतसुद्धा नव्हता. मी खोलीत आलो की खुर्ची सोडून उभ्या राहायचात. मी म्हणायचो, आई, बसा हो, मी काय कलेक्टर आहे का. तुम्ही पुटपुटायचात, "जावई आहात नं." मग एका पहाटे मी जुईचं सक्शन करत होतो आणि तुम्ही मागून येऊन माझा हात बाजूला केलात. "हटा. असं खुपसत असतात का? तिला लागून राहिलं ना." तुम्ही दोन बोटांत तो पाइप फिरवत असा बाहेर काढलात की जुई जागीसुद्धा झाली नाही. त्या दिवसापासून माझं जावईपण संपलं आणि मी तुमच्या हाताखालचा शिकाऊ झालो. खरं सांगतो, या देशात इतक्या वर्षांत माझं कुणाशी एवढं पटलं नव्हतं.

आपली वाटणी तुम्हीच ठरवलीत. रात्री दहा ते चार तुम्ही, चार ते सात मी, पुढे स्नेहल. चार वाजता मी खाली आलो की तुम्ही बूट जुळवून उभ्या राहून मला रिपोर्ट द्यायचात. "बेड नंबर एक. पेशंट जुई. ताप नाही. फीड पूर्ण. डावा कान दाबला गेला होता, कूस बदलली." चेहऱ्यावर हसू नाही. मी हसलो की म्हणायचात, "रिपीट करा." मी केलं की मगच खुर्ची सोडायचात. एकच बेड होता हो घरात. पण तुमचा तो वॉर्ड होता.

आणि मग चहा. तुम्ही लगेच झोपायला जायच्या नाहीत. जुईच्या खोलीचं दार उघडं ठेवून, स्वयंपाकघराच्या स्टुलावर बसून आलं घालून केलेला चहा. एक कान तिकडे. त्या अर्ध्या तासात तुम्ही मला जे सांगितलंत ते स्नेहलला माहीत नाही. तुम्ही म्हणालात, "प्रशांतजी, माझी पोट्टी लहान होती तेव्हा महिन्यातले पंधरा दिवस मी नाइटला. ती शेजारच्या घरी झोपायची. तिला गोवर निघाला, ती रात्रभर आई आई करत होती म्हणे. मी तेव्हा दुसऱ्याच्या पोट्टीला बर्फाच्या पट्ट्या ठेवत होती." मग कप विसळत म्हणालात, "हे सांगू नका तिला." मी नाही सांगितलं. आता इथे लिहितोय, ती वाचेल. मला माफ करा, पण ते तिला कळायला हवं असं मला वाटतं. तुम्ही त्या खुर्चीत नातीसाठी बसला होतात हे सगळ्यांना दिसत होतं. मुलीसाठी बसला होतात हे मला एकट्यालाच माहीत आहे.

आता वहीबद्दल. नर्स नसलेल्या रात्रींची नोंद ठेवा असं एजन्सीनं सांगितलं होतं. मी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून एक जाड रेघांची वही आणून दिली. तुम्ही पट्टीनं समास आखलात, तारीख टाकलीत आणि इंग्रजीत, त्या तिरक्या सुंदर अक्षरात, रोज सकाळी एक ओळ लिहायला लागलात. 'पेशंट कम्फर्टेबल. नाइट अनइव्हेंटफुल.' पेशंट आरामात आहे, रात्र शांत गेली. चार महिने, रोज, हीच ओळ. वर्षाचा रिव्ह्यू आला तेव्हा डायनानं, स्टेटकडून आमची केस बघणाऱ्या बाईनं, रात्रीच्या नोंदी मागितल्या. मी ऑफिसच्या स्कॅनरवर सगळी पानं टाकली आणि पाठवून दिली. एकही पान नीट वाचलं नाही. उलट अक्षर बघून अभिमान वाटला. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, आई. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हेच माझं काम. तेवढंच मला येतं असं म्हणा.

डायना घरीही आली होती. तिच्यासाठी तुम्ही तर्री-पोहे केलेत, स्नेहलनं घर चकाचक केलं, जुईला नवा फ्रॉक घातला, केसांना दोन क्लिपा लावल्या. पाहुणा येणार म्हटल्यावर आपण पसारा दाखवत नाही. डायनानं विचारलं, रात्री कसं चाललंय? आणि आम्ही तिघं एका सुरात म्हणालो, ओके, ओके, वी आर मॅनेजिंग. तिनं पोह्यांची रेसिपी लिहून घेतली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. रात्रीच्या वेळी कुशल देखरेखीची गरज असल्याचं सादर केलेल्या नोंदींवरून दिसत नाही. रात्रीचे तास रद्द. खाली पुराव्यांची यादी होती आणि त्यात पहिल्या नंबरला तुमची वही.

त्या दिवशी मी जे बोललो ते मला परत घेता येणार नाही. मी पत्र तुमच्यासमोर टेबलावर आपटलं आणि म्हणालो, "तुमच्या सुंदर अक्षरानं माझ्या मुलीची नर्स घालवली." स्नेहल म्हणाली, "प्रशांत, बस कर." मी कसला बस करतो. मी म्हणालो, काही घडलंच नाही असं रोज लिहायचं तर जागता कशाला, झोपा की. तुम्ही चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. पत्र सगळं वाचलंत. मग मला विचारलंत, "काय लिहायला पाहिजे होतं?" रागानं नाही, शिकायचंय अशा आवाजात. मी म्हणालो, सगळं. किती वेळा उठलात, किती वेळा सक्शन केलं, किती वेळा तिचा श्वास अडकला. तुम्ही म्हणालात, "ते तर ड्यूटीच आहे जी. ते काहून लिहायचं?"

मग तुम्ही मला सांगितलंत की तुमच्या मेट्रनबाई सकाळी रिपोर्ट वाचायच्या तेव्हा ज्या सिस्टरचा रिपोर्ट सगळ्यात लांब, तिला उभं करायच्या. एवढं घडेपर्यंत तू काय करत होतीस? चांगल्या रात्रपाळीचा रिपोर्ट एका ओळीत बसतो. काही घडायच्या आधी तुम्ही तिथे पोचलेल्या असता, म्हणून काही घडत नाही. जुईच्या बोटाला लावलेलं मशीन, ऑक्सिजन उतरला की वाजणारं, तुमच्या पाळीत कधी वाजलंच नाही. त्याच्याआधी तुम्हाला तिची घरघर ऐकू यायची. माझ्या तीन तासांत ते दोनदा वाजायचं. मी त्याला मशीनचा दोष समजत होतो.

त्या रात्रीपासून तुम्ही सगळं लिहायला लागलात. दहा वीस, सक्शन. दहा पंचावन्न, सक्शन, कफ घट्ट. अकरा चाळीस, ओठ निळसर, पाठ थोपटली, सक्शन, ठीक. सकाळी चारला मी वही वाचली आणि खुर्चीतच बसलो. एकोणीस वेळा. मी वरच्या मजल्यावर पांघरूण घेऊन झोपलेलो असताना तुम्ही खाली एकोणीस वेळा उठला होतात, आणि अशा किती रात्री आधीच होऊन गेल्या होत्या. मी म्हणालो, आई, रोज एवढं असतं? तुम्ही म्हणालात, "रोज नाही. थंडीत जास्त."

तेव्हाच माफी मागायला हवी होती. मी म्हणालो, "बघा, हेच लिहायला हवं होतं." शेवटचा शब्द माझा.

अपील केलं. सुनावणी फोनवर होती. मी कागदांची थप्पी घेऊन डायनिंग टेबलावर, शेजारी स्नेहल, समोर तुम्ही इस्त्रीची साडी नेसून, जणू फोनमधून दिसणार आहे. त्यांनी दुभाषा देऊ केला तर तुम्ही नको म्हणालात, जन्मभर रिपोर्ट इंग्रजीत दिले आहेत म्हणून. सुनावणी घेणाऱ्या गृहस्थांचा आवाज सभ्य होता. त्यांनी एकच सरळ प्रश्न विचारला. चार महिने वहीत रात्र शांत आहे, आणि नकाराचं पत्र गेल्यावर एकदम रात्रीला एकोणीस नोंदी. मॅडम, यातलं खरं काय?

मी तुम्हाला कागदावर लिहून दाखवलं, 'सांगा की आधीचं चुकलं.' तुम्ही कागद वाचलात आणि बाजूला सरकवलात. आणि फोनकडे बघून म्हणालात, "सर, दोन्ही खरं आहे. मूल आरामात होतं, कारण मी जागी होते."

पलीकडे कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. मला वाटलं, जिंकलो. मग त्यांनी विचारलं, तुम्ही यापुढेही रात्री जागायला उपलब्ध आहात का? मी मान हलवून नाही, नाही अशी खूण करत होतो. स्नेहलनं तुमचा हात धरला. तुम्ही म्हणालात, "येस सर. मी आहे."

निकाल आला. घरात प्रशिक्षित, इच्छुक आणि उपलब्ध व्यक्ती असल्यामुळे तासांची आवश्यकता सिद्ध होत नाही. तुमचंच वाक्य त्यांनी उचललं होतं. मूल आरामात आहे, कारण कुणीतरी जागं आहे. मग नर्स कशाला?

दुसरं भांडण हे. तुम्ही एकाहत्तर वर्षांच्या होता. मी म्हणालो, आई, 'मला आता जमत नाही' एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही म्हणालात, "जमून राहिलं ना मला. खोटं काहून बोलू?" मी म्हणालो, आज जमतंय, उद्याचं काय? तुम्ही म्हणालात, "उद्याचं उद्या." मी म्हणालो, इथे असं चालत नाही, इथे आजच रडून दाखवावं लागतं. तुम्ही म्हणालात, "मी कधी पेशंटच्या समोर रडली नाही, आता फोनवर रडू का?" आणि त्यावर मी म्हणालो की हा तुमचा अहंकार आहे, आणि त्याची किंमत जुई देणार. तुम्ही उठून आत गेलात.

तीन दिवस आपण बोललो नाही. पहाटे चारला मी खाली यायचो, तुम्ही खुर्चीतून उठायचात, उभ्या राहायचात. मी विचारायचो, कशी गेली रात्र? तुम्ही म्हणायचात, "वहीत लिहिलंय जी." आणि निघून जायचात. चहा नाही, रिपोर्ट नाही. चौथ्या दिवशी तुम्ही न बोलता दोन कप ठेवलेत आणि मी न बोलता बसलो. आपल्या घरांत भांडणं अशीच संपतात. कोण चुकलं ते तसंच राहतं.

त्यानंतर तुम्ही तुमची गादी खालच्या खोलीत आणलीत. म्हणालात, जुईच्या जवळ बरं पडतं. मी म्हणालो, चांगलंय. मी टेस्टिंगवाला. जिना चढताना मधल्या पायरीवर तुम्ही फोन बघितल्यासारखं करून थांबायचात, हे मला आता आठवतंय. तुमच्या फोनवर त्या वेळी बघण्यासारखं काय असणार होतं? मला नाही जमत, हे तुम्ही त्या साहेबांना सांगितलं नाहीत, आणि मलाही नाही. मी विचारलं असतं तर सांगितलं असतं का? तुम्ही रात्री जागत होता म्हणून मी झोपत होतो, आणि माझी झोप पुरी होत होती, आणि मला ते तसंच चालायला हवं होतं. हे खरं कारण आहे न विचारण्याचं.

मार्चमध्ये, दुपारी, झोपेत गेलात. अंगणात बर्फाचे काळपट ढीग वितळत होते. स्नेहल चहा घेऊन उठवायला गेली. बूट गादीजवळ जुळवून ठेवलेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय. फार काही कळलं नसेल त्यांना. मला ते 'फार काही कळलं नसेल' पटत नाही. तुम्हाला सगळ्याची घरघर आधी ऐकू यायची.

त्या रात्रीही जुईजवळ कुणीतरी बसायचं होतंच. स्नेहल वर नागपूरला फोन लावत होती, एकेका नातेवाइकाला तेच परत परत सांगत होती. मी खाली तुमच्या खुर्चीत. रडू येत होतं, पण आवाज करून रडता येईना, कारण मग घरघर ऐकू आली नसती. मी तोंडावर टॉवेल धरून बसलो. जुई मधेच जागी झाली आणि तिनं पलंगाच्या कठड्यावर हातानं टकटक केलं. ती तुम्हाला बोलवायची खूण, तुम्हीच शिकवलेली. मी तिचा हात धरला. तिनं हात सोडवून घेतला आणि पुन्हा टकटक केलं. अजूनही करते.

आठवड्यानं डायनाचा फोन आला. तिला खरंच वाईट वाटलं होतं. मग ती म्हणाली, आता घरात दुसरी व्यक्ती उपलब्ध नाही, तेव्हा नवीन अर्ज करा, दाखला जोडा, आणि सगळ्या वह्या परत पाठवा. या वेळी मी प्रत्येक पान वाचलं. सकाळच्या नोंदीनंतर, शेवटच्या ओळीखाली, एक ओळ लिहून खोडलेली. पान उलटलं, तिथेही. त्याच्या पुढच्या पानावरही. एकच तिरकी रेघ, पट्टीनं मारलेली, खालचं स्पष्ट वाचता येईल अशी. 'पेशंट कम्फर्टेबल.'

एकोणीस नोंदी केल्यावर, सतरा केल्यावर, एकवीस केल्यावर, तुम्ही रोज सकाळी तुमची ती ओळ लिहीत होता. आणि मग मी काय म्हणालो होतो ते आठवून ती खोडत होता. पाच महिने, रोज. ती ओळ म्हणजे तुमचं सगळं काम होतं, आई. तेवढं एक कमावलं होतंत तुम्ही आयुष्यात, आणि मी ते तुमच्याच हातानं खोडायला लावलं.

डायना म्हणाली, खाडाखोड दिसली की प्रश्न येतात, एक छोटं स्पष्टीकरण जोडून द्या. मी तासभर पानासमोर बसलो. शेवटी लिहिलं, 'लिहिणाऱ्या व्यक्तीची जुनी सवय.' चाललं त्यांना.

अर्ज मंजूर झाला. तुमच्या दोन वह्यांनी, माझ्या कागदांनी, तुमच्या त्या वाक्यानं जे झालं नाही ते तुमच्या दाखल्यानं झालं. आधी पाच रात्री होत्या, आता सात दिल्यात. मी ते पत्र वाचून एजन्सीला फोन केला. त्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, सध्या आमच्याकडे रात्रीची एकही नर्स नाही, तुमचं नाव यादीत टाकते. मी विचारलं, यादीत कितवे? म्हणाली, तसा नंबर नसतो, सर. आणखी चार एजन्सींना फोन केले. दोघांनी उचलला नाही. दोघांकडे यादी आहे. सात रात्रींचं पत्र मी फ्रिजवर लावलंय, तुमच्या औषधांच्या वेळापत्रकाच्या शेजारी. ते वेळापत्रक अजून काढलेलं नाही.

म्हणजे आता मी आणि स्नेहल. एक रात्र तिची, एक माझी. दिवसा तिचं काम, माझं काम. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी परवा बोलता बोलता थांबलो आणि मला पुढचं वाक्यच सापडेना. किती दिवस असं चालेल ते आम्ही दोघंही बोलत नाही. तुमचे बूट स्नेहलनं घातले होते एकदा, तिला घट्ट होतात.

काल माझी रात्र होती. चार चाळीसला माझा डोळा लागला. किती वेळ ते माहीत नाही, मशीन वाजलं तेव्हा जाग आली. जुईचे ओठ निळे होते आणि डोळे उघडे, माझ्याकडे बघत होते. ती किती वेळ तशी बघत होती, तेही माहीत नाही. कठड्यावरचा हात खाली पडलेला होता, म्हणजे तिनं टकटक करून पाहिलं असणार. सक्शन केलं, दोनदा, तिसऱ्यांदा, मग ऑक्सिजन वर चढला. पाइप दोन बोटांत फिरवत बाहेर काढला, तुम्ही दाखवलात तसा.

मग मी वही घेतली आणि सगळं लिहिलं. मी झोपलो, हेही लिहिलं. एवढी पक्की नोंद आपल्या वहीत आजवर झाली नव्हती, कुणीही नाकारू शकणार नाही. खाली एक ओळ रिकामी होती. तुमची जागा. मी पेन टेकवलं आणि उचललं. तिथे लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, खोडण्यासारखंही नाही.

सात वाजता स्नेहल खाली आली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. तिनं जुईच्या कपाळावर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "कशी गेली रात्र?"

मला तोंडानं सांगता येईना, आई. मी म्हणालो, "वहीत लिहिलंय."